आभाराचा रकाना

मोठ्या बाईंना पत्रकाच्या त्या पानातून मिळायचं होतं ते तसं थोडंच. शरदातल्या जेवणाला हॉलमध्ये शिरल्यावर चारजणांनी उठून खुर्ची पुढे करावी, औषधवाल्यांनी एकदा तरी तोंडात बोट घालावं, आणि शहरातल्या लेकीला फोनवर सांगता यावं की बघ, तुझ्या आईने इथे एक नवा पायंडा पाडला. बस्स. शाळेतून निवृत्त झालेल्या हेडमास्तरीणबाईला एवढा हव्यास शोभून दिसतो. त्यापायी कुणाचं काही जावं असं त्यांच्या मनात नव्हतं. आणि मनात नव्हतं हे सांगणं त्यांना पुढे बरेच दिवस पुरलं.

बाई आमच्या तळ्याकाठच्या वस्तीचं पत्रक काढतात. एकच कागद, मधोमध दुमडलेला, म्हणजे चार पानं. उन्हाळ्यातला अंक कुणी वाचत नाही, त्यावर मासे साफ करतात. शरदातला मात्र शब्दन् शब्द वाचला जातो, कारण हिवाळ्याआधीचं सगळं त्यात असतं. तळ्याचं पाणी कधी उतरवणार, होड्या काठावर कधी ओढायच्या, हॉलची किल्ली यंदा कुणाकडे, कुणाला नातू झाला, कुणाची मांजर हरवली. पालापाचोळा जाळायचा नाही ही तंबी, आणि ती मोडणाऱ्या गृहस्थांना नाव न घेता मारलेला टोमणा. दोन्ही दरवर्षीचे, गृहस्थही तेच. चौथ्या पानावर औषधवाल्यांची कविता. त्यांचं औषधाचं दुकान आहे आणि पानगळीवर ते दर शरदात नवी कविता करतात. पानं तीच असतात. "बाईंचं काय, नुसत्या नोटिसा," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात आणि गिऱ्हाइकं ते खोकल्याच्या औषधाबरोबर बाईंच्या दारात पोचवतात.

आणि पहिल्या पानावर खाली, चौकटीत, आभाराचा रकाना.

हा रकाना कुणी सुरू केला ते आता कुणाला आठवत नाही, पण त्याची रीत पक्की. जो चालला, त्याचे आभार. जुने डॉक्टर मुलाकडे राहायला निघाले तेव्हा त्यांचे. बेकरीवाल्याने भट्टी विझवली तेव्हा त्याचे. पोस्टमनची बदली झाली तेव्हा त्याचे. चौकटीत चार ओळी, आणि मग जेवणाच्या दिवशी वस्तीतर्फे एक आरामखुर्ची. खुर्चीच का, तर सुताराकडे तेवढाच एक साचा आहे. ज्या वर्षी कुणी जात नाही त्या वर्षी मेलेल्यांतून एक निवडतात आणि खुर्ची वाचते. काम करत असलेल्या माणसाचे आभार मात्र आमच्याकडे कधी कुणी मानले नाहीत. दुष्टपणा नाही त्यात. माणूस कामावर आहे तोवर त्याच्यात काढायला काहीतरी खोट असतेच, आणि कौतुक केलं तर तो शेफारेल ही एक धास्ती. डॉक्टरांचा हात हलका होता हे आम्हाला त्यांचं सामान गाडीत चढल्यावरच कळलं.

यंदा पंचाईत अशी की कुणी जात नव्हतं आणि कुणी मेलंही नव्हतं. दोघातिघा म्हाताऱ्यांनी उन्हाळ्यात आशा दाखवली होती, पण ते बरे झाले. अंक छापायला टाकायची वेळ आली तरी चौकट रिकामी. अशात एका सकाळी बाई दवाखान्यात जायला म्हणून होडीत बसल्या, समोर वल्हं मारणाऱ्या मावशींकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुठेही न जाणाऱ्या माणसाचे आभार! तेही कामावर असलेल्या! कुणालाच कधी सुचलं नव्हतं.

होडीवाल्या मावशी. आमचा बसथांबा, दवाखाना, शाळा, सगळं तळ्याच्या पलीकडच्या काठावर. रस्ता आहे, पण तो दलदलीला वळसा घालून जातो आणि जाता जाता माणसाचा अर्धा दिवस खातो. म्हणून कमिटीची होडी. मावशींचे वडील ती चालवायचे, मग मावशी. होडी चालवणाऱ्याने होडीघराच्या वरच्या खोलीत राहायचं, असा कमिटीचा जुना ठराव आहे. त्या खोलीत मावशी आणि त्यांची थोरली बहीण आक्का, दोघीच राहायच्या.

"मावशी, होडी कधीपासून चालवता हो तुम्ही?" बाईंनी विचारलं. धुकं इतकं होतं की होडीचं टोकही दिसत नव्हतं.

"बाबा गेले तेव्हापासून. का?"

"सहज. आणि सगळ्यात अवघड फेरी कुठली आठवते?"

"तुम्ही बसलेल्या सगळ्याच. मधे बसा म्हटलं की कडेला बसता."

बाई सरकून मधे बसल्या. "थट्टा नको. काहीतरी आठवणी असतील ना? सांगा की."

मावशींचं वल्हं जरा वेळ पाण्यात तसंच राहिलं. "बेकरीवाल्यालासुद्धा तुम्ही हेच विचारत होतात," त्या म्हणाल्या. "भट्टी बंद व्हायच्या आधी. इथेच बसून."

"हो का? असेल." गंमत आधीच फुटू नये म्हणून बाईंनी मफलर नाकापर्यंत ओढला आणि यंदा पाणी लवकर उतरवणार म्हणे, असं काहीबाही बोलायला लागल्या. माणूस गंमत म्हणून लपवतोय की लाजेने, हे मफलरच्या बाहेरून कळत नाही.

अंक निघाला. चौकटीत लिहिलं होतं: 'ऊन असो वा धुकं, इतकी वर्षं आपल्या सगळ्यांना सुखरूप पलीकडे पोचवणाऱ्या मावशींची वस्ती ऋणी आहे. शरदाच्या जेवणाला त्यांना आरामखुर्ची भेट देण्यात येईल.' मावशी जाणार, असं त्यात कुठेच नव्हतं. राहणार, असंही नव्हतं.

मावशींनी दुपारच्या फेरीनंतर ते वर नेऊन आक्काला वाचून दाखवलं. आक्काला दिसत नाही. डोळे हळूहळू गेले, दरवर्षी थोडे थोडे, म्हणून तिला ती खोली पूर्ण पाहायला मिळाली होती. खिडकी कुठवर उघडते, चुलीची कुठली बाजू तापते, जिन्याची कुठली पायरी दबते, सगळं तिने डोळे होते तेव्हाच साठवून ठेवलं होतं. जिन्याला मावशींनी दोर बांधून दिला होता. तो धरून ती खाली काठापर्यंत जायची, कपडे वाळत घालायची, आणि वल्ह्याच्या आवाजावरून चहाचं आधण ठेवायची.

"पुन्हा वाच," आक्का म्हणाली.

मावशींनी पुन्हा वाचलं.

"खुर्ची?"

"खुर्ची."

"म्हणजे काढलं तुला."

"असं लिहिलेलं नाही, आक्का."

"पोस्टमनच्या वेळी तरी लिहिलं होतं का? खुर्ची दिली आणि गेला तो." आक्काने हातातलं भांडं फडताळात ठेवलं, बरोबर जागेवर. "जा, विचारून ये बाईंना. हे काय, समोर घर आहे."

"मी विचारू? दारात उभी राहून? माझं काम राहिलं का हो, म्हणून?" मावशींचा आवाज चढला. "ह्यांची पोरं ओढली, ह्यांची पोती ओढली, ह्यांच्या बाळंतिणी ओढल्या. काढायचंय तर एकाने जिना चढून यावं आणि तोंडाने सांगावं. एवढंही होत नाही कुणाच्याने?"

"ताठ्याचं राहू दे. खोलीचं काय?"

खालून कुणीतरी 'होऽऽडी' म्हणून हाक मारली तेव्हा मावशी उतरून गेल्या.

आता वस्तीने काय केलं म्हणाल, तर वस्ती चांगली वागली. इतकी चांगली ती सहसा वागत नाही. होडीत बसणारा प्रत्येकजण मऊ आवाजात बोलायला लागला.

"मग काय मावशी, आता आराम!"

"हो ना."

"सुटलात एकदाच्या. हाताला काय घट्टे पडलेत, बघा तरी."

"सुटले."

"कुठे जाणार, ठरलं का काही?"

"बघू."

लोकांना वाटलं, सोडायचं मावशींनीच ठरवलंय. अशा गोष्टी खोदून विचारणं बरं नाही. मावशींना वाटलं, ठरवलंय ह्यांनी, आणि वर माझ्याच होडीत बसून मला आराम शिकवताहेत. दोन्हीकडून शिष्टाचार इतका पाळला गेला की साधा एक प्रश्न विचारायला कुणी उरलं नाही.

प्रश्न घेऊन आले ते कमिटीचे सेक्रेटरी, तेही मावशींकडे नाही, बाईंकडे.

"काय हे बाई? आधी कमिटीच्या कानावर घालायचं ना! हिवाळ्याच्या तोंडावर मी माणूस कुठून पैदा करणार होतो?"

"कसला माणूस?" बाई शेंगा सोलत होत्या.

"होडीला. मावशी चालल्या ना."

"कोण म्हणालं?"

"कोण काय? तुम्हीच. पहिल्या पानावर." सेक्रेटरी खुर्चीत बसले. "पण बरं झालं म्हणायचं. भाचा घरी रिकामाच बसला होता, बहीण रोज माझ्या नावाने खडे फोडायची. त्याची स्वतःची मोटरबोट आहे. आज सकाळीच शब्द देऊन आलोय त्याला."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना कळलं, सगळं कळलं. चाळीस पोरांच्या वर्गात कुणी कॉपी केली ते मान वर न करता ओळखणारी बाई ती. "अहो, पण मी तसं..." एवढं त्या बोलल्या असतील नसतील, तोच दारात औषधवाले उभे. डोळे ओले.

"बाई, हरलो," औषधवाले म्हणाले. "चार ओळींत रडवलंत. आमची बायको दोनदा रडली. मावशी चालल्या म्हणजे... म्हणजे तळं चाललं हो! मला आयुष्यात असं लिहिता आलं नाही."

तसं बघितलं तर बाईंना अजून सगळं सावरता येत होतं. सेक्रेटरींचा शब्द सकाळचाच होता, आणि भाचा काही नोकरी सोडून येत नव्हता. फक्त औषधवाल्यांना सांगावं लागलं असतं की तुम्ही ज्यावर रडलात ते घडलेलंच नाही. बाईंनी शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले आणि म्हणाल्या, "लिहिताना मलाही फार जड गेलं."

तिथे सौदा पक्का झाला.

नंतर त्यांनी मनाची समजूत अशी घातली की जेवणाच्या दिवशी सगळ्यांसमोर, हसत हसत, गैरसमज दूर करायचा. आरशासमोर उभं राहून वाक्यं जुळवलीसुद्धा. 'अहो, मावशी कुठे जाताहेत? आम्ही जाऊ देऊ का त्यांना?' असं म्हणायचं, मग टाळ्या होतील. बोलणं चांगलं होतं, यात शंका नाही.

जेवणाच्या दिवशी दुपारपर्यंत होड्या काठावर ओढून झाल्या. उतरलेल्या पाण्याखालून चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि त्यात नेहमीप्रमाणे बाटल्या, एक बूट आणि कुणाची तरी सायकल वर आली होती. कमिटीची होडी तेवढी पाण्यात होती, कारण ती हिवाळ्यातही चालते. संध्याकाळी हॉलमध्ये ओल्या कोटांचा आणि गरम सुपाचा एकच वास भरला. बाई आत शिरल्या तेव्हा चार काय, सहाजण उठले. सेक्रेटरींचा भाचा नवा कोट घालून कोपऱ्यात उभा होता, आणि लोक त्याला इंजिन किती आवाज करतं ते विचारत होते.

मावशी आक्काला हाताला धरून घेऊन आल्या. मावशींना सगळ्यांनी ओढत नेऊन खुर्चीत बसवलं. आक्काला कुणीतरी बाईंच्या शेजारच्या बाकावर टेकवलं. तिने चाचपून बाजूचा हात धरला.

"बाई ना?"

"हो, आक्का. बऱ्या आहात?"

"एक विचारते. हे कुणी ठरवलं?"

सांगायचं होतं तर हीच वेळ. विचारणारी आंधळी, म्हणजे तिच्या नजरेला नजर द्यायचंही संकट नाही. कानात दोन वाक्यं टाकली की काम झालं असतं. पण पलीकडच्या बाकावरून औषधवाले कौतुकाने बघत होते, आणि सुपाची वाटी घेऊन आलेली कुणाची तरी सून नुकतीच म्हणाली होती, "बाई, तुमच्यासारखं मन पाहिजे."

"सगळ्यांच्या प्रेमातून झालंय हो हे, आक्का," बाई म्हणाल्या.

"प्रेमातून," आक्का म्हणाली. "मग तेवढ्याच प्रेमाने सांगून टाका, खोली कधी सोडायची?"

"ते सेक्रेटरी बघतील."

आक्काने हात सोडला.

मावशींना बोलायचा आग्रह झाला. त्या उठल्या, कोटाला हात पुसले. "मला बोलता येत नाही," त्या म्हणाल्या. "होडीत बोलायचात तुम्ही, मी ऐकायचे. त्यामुळे सगळ्यांचं सगळं मला ठाऊक आहे." हशा झाला, पण जरा सावध. "घाबरू नका, तोंड उघडणार नाही. खुर्ची छान आहे. मी जन्मभर बसूनच काम केलं. त्यामुळे उभं राहून थकलेल्या कुणाला दिली असती तरी चाललं असतं. पण दिलीत, आभारी आहे."

पुन्हा हशा, आणि जोराच्या टाळ्या. मावशींनी खिशातून होडीघराची किल्ली काढली आणि सेक्रेटरींच्या ताटाशेजारी ठेवली. ठेवून क्षणभर थांबल्या. कुणी म्हणालं असतं, अहो हे काय, तर त्यांनी ती उचलली असती. असं मी म्हणतो, मावशींनी कधी कबूल केलं नाही.

"अहो, एवढी घाई कशाला!" सेक्रेटरी म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत राहा की निवांत." त्यांच्या मोठ्या मनालाही टाळ्या पडल्या.

मग सगळे बाईंकडे वळले. बाई उठल्या. हॉल शांत झाला. आरशासमोरचं वाक्य त्यांना नक्की आठवत असणार, त्या काही विसरणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी भाच्याच्या नव्या कोटाकडे पाहिलं, ताटाशेजारच्या किल्लीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "माझ्याकडे शब्दच नाहीत." आणि बसल्या. बाईंकडे शब्द नसणं ही वस्तीतली पहिलीच वेळ. बायकांनी डोळे पुसले.

महिना संपायच्या आत दोघी गेल्या. पलीकडच्या काठापर्यंत मावशींनी स्वतःच होडी वल्हवत नेली. सामान फारसं नव्हतं. होडी परत आणायला भाचा बरोबर बसला होता. त्याला वल्हं नीट येत नसल्यामुळे परतीला फार वेळ लागला, आणि काठावर उभे राहून आम्ही सगळे हसलो.

खरं बाहेर आलं ते हिवाळा अर्धा सरल्यावर. औषधवाल्यांची बायको मावशींच्या नव्या गावी कुठल्याशा कामाला गेली होती. तिथल्या धुलाईच्या दुकानात मावशी दिसल्या. "का हो सोडलंत आम्हाला?" तिने लाडाने विचारलं. मावशींच्या हातात इस्त्री होती. "मी सोडलं?" त्या म्हणाल्या. मग दोघींनी तिथेच उभ्या उभ्या सगळं पहिल्यापासून जुळवून पाहिलं.

ती बातमी संध्याकाळच्या आत घरोघर पोचली. कमिटीची बैठक बसली. मावशींना परत बोलवावं असं दोघातिघांनी सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, भाच्याला शब्द दिलाय, आणि किल्ली काही मी मागितली नव्हती, त्यांनीच आणून ठेवली. कुणीतरी म्हणालं, त्यांनी एकदा विचारायचं तरी होतं. हे सगळ्यांना एकदम पटलं. गैरसमज झाला, त्यात दोष कुणाचाच नाही, असं ठरून चहा आला. बाई बैठकीला होत्या. त्यांनी दोन कप घेतले.

तर हिशेब असा. बाईंना खुर्ची पुढे करणारे मिळाले, ते अजून करतात. लेक फोनवर 'छान' म्हणाली. औषधवाले 'नोटिसा' म्हणायचे थांबले. औषधवाल्यांनाही लाभ झालाच, त्यांना पानगळ सोडून विषय मिळाला. सेक्रेटरींच्या बहिणीने भावाच्या नावाने खडे फोडणं बंद केलं. भाच्याला काम लागलं. तो मामाकडेच जेवतो-झोपतो, वरच्या खोलीत पेट्रोलचे डबे ठेवतो, आणि धुक्यात बोट काढत नाही. धुकं असलं की आम्ही दलदलीच्या वळशाने चालत जातो आणि वाटेत मावशींचे गुण आठवतो. बुटाला चिखल लागतो एवढंच आमचं नुकसान.

मावशी दिवसभर उभ्या राहून दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करतात. आक्का मामेबहिणीकडच्या मागच्या खोलीत असते. ती खोली तिने कधीच पाहिलेली नाही. तिथे दार डावीकडे आहे की उजवीकडे हे तिला रोज सकाळी नव्याने चाचपावं लागतं. दोनदा पडली, त्यानंतर कॉटवरून उठायचं झालं तर हाक मारते आणि मावशी कामावरून येईपर्यंत बहुतेक वेळा कुणी ओ देत नाही. किंमत मोजली ती ह्या दोघींनी, आणि दोघींत जास्त आक्काने.